इच्छेचें व्याकरण

ज्येष्ठ सरत आला आहे. हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठच्या काळ्या रानांत नांगरट झाली, वखरणी झाली, हळदीचें बेणें लावून झालें, कापसाचें बीं घरांत तयार आहे. आभाळ मात्र कोरडें आहे. बांधावर उभा असलेला शेतकरी वर पाहतो आणि बोलतो. तो काय बोलेल? “पाऊस पडेल,” असें म्हणाला, तर तो अंदाज झाला. “पाऊस पडो,” असें म्हणाला, तर ती प्रार्थना झाली. “पाऊस पडावा,” असें म्हणाला, तर त्यांत इच्छा आहेच, परंतु मृगांत पाऊस यावा ही ऋतूची रीतहि तिला येऊन मिळाली आहे. “पडूं दे रे बाबा,” असें म्हणाला, तर पाऊस अडवून धरणारा कोणी तरी वर आहे व त्यानें हात सैल करावा, अशी ती विनवणी झाली. आणि आषाढहि कोरडा गेल्यावर “पाऊस पडता तर!” असें तो म्हणतो, तेव्हां इच्छेची नुसती हळहळ उरलेली असते.

पाऊस तोच, धातूहि तोच. पालटली ती बोलणाराची भूमिका. क्रियापदाच्या ज्या रूपावरून ही भूमिका ओळखूं येते, त्याला मराठी व्याकरणांत ‘अर्थ’ ही संज्ञा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं. अशा ग्रंथांतून स्थिर होत गेलेली चार अर्थांची विभागणी शाळेंतल्या प्रत्येक मुलानें पाठ केलेली असते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. येथें ‘स्वार्थ’ म्हणजे आपमतलब नव्हे. धातूचा स्वतःचा साधा अर्थ, एवढेंच. ‘पाऊस पडतो’ हा स्वार्थ. ‘पडो’ हा आज्ञार्थ. ‘पडावा’ हा विध्यर्थ. ‘पडता’ हा संकेतार्थ. गंमत अशी कीं, या चौघांत ‘इच्छार्थ’ नांवाचा कोणीच नाहीं. आज्ञा आहे, विधि आहे, संकेत आहे. इच्छेला मात्र स्वतःचें घर नाहीं. ती या तिन्ही घरीं पाहुणी म्हणून राहते, आणि ज्या घरीं जाते त्या घरची चालरीत उचलते.

सर्वच भाषांत असें नाहीं. संस्कृतांत इच्छेची बडदास्त मोठी होती. पाणिनीनें आशीर्वादासाठीं लिङ् आणि लोट् हे दोन्ही लकार सांगितले आहेत. त्यांपैकीं आशीर्लिङ् तर केवळ आशीर्वादासाठींच राखून ठेवलेला आहे. याखेरीज धातूचें द्वित्व करून इच्छा दाखविण्याची सोय निराळीच. हीं सन्नन्त रूपें मराठीनें क्रियापदें म्हणून घेतलीं नाहींत, पण त्यांपासून बनलेलीं नामें व विशेषणें ती रोज वापरते. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, सुटकेची इच्छा धरणारा तो मुमुक्षु, जिंकूं पाहणारा तो विजिगीषु. आजाऱ्याची आपण ‘शुश्रूषा’ करतों, तो शब्दहि मूळचा ‘ऐकण्याची इच्छा’ याच अर्थाचा. दुसऱ्याचें म्हणणें ऐकण्याची इच्छा असणें हीच सेवेची पहिली पायरी, असें त्या शब्दाच्या इतिहासावरून म्हणतां येईल.

प्राचीन ग्रीक भाषेंतहि इच्छेसाठीं क्रियापदाचीं स्वतंत्र रूपें होतीं. होमरच्या काव्यांत तीं विपुल आहेत. पुढें बोलभाषेंतून तीं मागें पडत गेलीं, ख्रिस्ती शकाच्या आरंभीं ठराविक वाक्प्रयोगांपुरतीं उरलीं, आणि आजच्या ग्रीक भाषेंत त्यांचें काम निराळीं अव्ययें करतात. इंग्रजांच्या ‘गॉड सेव्ह द किंग’ या घोषांत ‘सेव्ह’च्या शेवटीं नेहमींचा सकार नाहीं, तेंहि अशाच एका जुन्या रूपाचें अवशिष्ट आहे. उलट तुर्की भाषेंत इच्छेचें रूप अजून घरोघर नांदतें. आजाऱ्याला भेटावयास गेलेला माणूस तेथें ‘गेच्मिश ओल्सुन’ म्हणतो. म्हणजे ‘हें दुखणें सरून गेलेलें असो.’

हिंगोलीच्या लोकांच्या कानांवर अशीं परकीं इच्छारूपें शेंकडों वर्षें पडत होतीं. हा मुलूख १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १८८४ पर्यंत तेथील दरबारी भाषा फारशी होती, व त्यानंतर उर्दू झाली. फारशींत ‘असणें’ या अर्थाच्या धातूचें ‘बाद’ हें जुनें इच्छारूप आहे. मुबारकबाद म्हणजे ‘शुभ असो’, जिंदाबाद म्हणजे ‘जिवंत असो’. ज्या मराठी माणसानें फारशीचें एक अक्षरहि गिरविलें नाहीं, तोहि सभेंत मूठ उंचावून ‘जिंदाबाद’ म्हणतो, तेव्हां फारशी व्याकरणांतील इच्छार्थच वापरीत असतो. अरबीची तऱ्हा आणखी वेगळी. मृताच्या नांवापुढें ‘रहिमहुल्ला’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘अल्लानें त्याच्यावर दया केली’ असा भूतकाळी आहे, आणि विवक्षित अर्थ मात्र ‘दया करो’ असा. इच्छा इतकी उत्कट कीं, ती पुरी झालीच असें भाषा धरून चालते. हें विचित्र वाटलें, तर आपल्याच घरांत डोकावून पाहावें. रागावलेली आजी नातवाला “मेल्या, कुठें होतास?” असें विचारते, तेथें ‘मेला’ हें रूप भूतकाळाचेंच आहे. अरबानें भूतकाळांत आशीर्वाद दिला, आजीनें शिवी दिली, एवढाच फरक. आणि त्या शिवींत मायाच अधिक असते.

आतां मराठीच्या ओकारान्त रूपाकडे वळावें. होवो, येवो, राहो, मिळो, पडो हें आज्ञार्थाचें तृतीय पुरुषाचें रूप संस्कृत ‘भवतु’सारख्या रूपांपासून आलें. शेवटचा ‘तु’ झिजला आणि त्याचा ‘ओ’ राहिला. आज्ञा ही समोरच्याला करावयाची असते. समोर नसलेल्याला, पावसाला, यशाला, आयुष्याला आज्ञा कोण करणार? म्हणून तृतीय पुरुषांत आज्ञेचें बळ गळून पडतें व तिची इच्छा होते. ‘तुझें कल्याण होवो’ हा आशीर्वाद आणि ‘तुझें वाटोळें होवो’ हा शाप. व्याकरण दोघांत भेद करीत नाहीं. या रूपांपैकीं एक तर इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, तें इच्छारूप आहे याचें भानहि उरलेलें नाहीं. विषयांतर झालें कीं वक्ता ‘असो’ म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. तें ‘असो’ म्हणजे ‘आहे तसें असूं द्यावें’ ही एक लहानशी इच्छाच आहे.

असो. या ओकारान्त रूपाची एक मर्यादा ध्यानांत घेण्यासारखी आहे. ‘तो सुखी होवो’ असें म्हणतां येतें. ‘मी सुखी होवो’ असें कोणी म्हणत नाहीं. ‘मला यश मिळो’ हें वाक्य होतें, परंतु तेथें कर्ता यश आहे. ‘मी’ चतुर्थी विभक्तींत, हात पुढें करून उभा आहे. आज्ञार्थांत ‘मी’ येतो तेव्हां तो ‘मी येऊं?’ असें रूप घेतो. म्हणजे आज्ञेच्या घरांत शिरल्यावर ‘मी’ला आज्ञा करतां येत नाहीं, त्याला परवानगी विचारावी लागते.

विध्यर्थाची गोष्ट अधिक नाजूक आहे. करावें, जावें, यावें हीं रूपें ‘कर्तव्य’, ‘गन्तव्य’ यांतील ‘तव्य’ प्रत्ययाच्या वंशांतलीं. त्यामुळें त्यांच्या रक्तांत कर्तव्य आहे. ‘खरें बोलावें’ हा उपदेश. ‘आपण सहकुटुंब यावें’ ही विनंति. ‘एकदां काशी पाहावी’ ही इच्छा. उपदेश, विनंति आणि इच्छा या तिघींना एकच वस्त्र. जुन्या वळणाच्या पत्राचा शेवट ‘कळावें, लोभ असावा’ असा होई. ‘लोभ असो’ असें न लिहितां ‘असावा’ लिहिलें, यांत इच्छेबरोबरच तिच्या औचित्याचाहि हवाला असे. नकारांतहि हीच दुहेरी वीण आढळते. ‘असें होऊं नये’ ही इच्छा कीं निषेध, हें प्रसंगावांचून सांगतां येत नाहीं.

या एकाच वस्त्रामुळें घराघरांत किती गैरसमज होतात, याचा विचार व्याकरणकारांनीं नाहीं, तर आईबापांनीं करावयाचा आहे. हिंगोलीहून एखादा मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं निघतो. वडील म्हणतात, “तूं डॉक्टर व्हावेंस.” वडिलांच्या मनांत इच्छा असते, मुलाच्या कानांवर कर्तव्य पडतें. दोघेहि खरे असतात, कारण शब्दांत दोन्ही आहेत. दाराशीं उभी असलेली आई त्याच्या हातावर दहीं घालते आणि म्हणते, “तुला यश मिळो.” तिनें कोणतें यश हें सांगितलेलें नाहीं, मुलावर कांहीं लादलेलें नाहीं, कर्ता मुलगा नव्हे, यश आहे. मुलगा “जातों” म्हणत नाहीं, “येतों” म्हणतो. साधा वर्तमानकाळ, पण त्यांत परतण्याची इच्छा आणि आईचा धीर दोन्ही आलीं. पुढें तो मुलगा डॉक्टर झाला नाहीं, तर वडिलांचें ‘व्हावेंस’ त्याला जन्मभर टोंचेल. आईचें ‘मिळो’ टोंचणार नाहीं. ज्या कामांत त्याला यश येईल, त्या कामांत तें खरें ठरेल. म्हणून वडिलांची इच्छा वाईट, असा याचा अर्थ नव्हे. परंतु इच्छा बोलून दाखवितांना आपण तिच्याबरोबर ओझेंहि देत आहों काय, हें बोलणारानें जाणून बोलावें, इतकें खरें.

विध्यर्थांत कर्त्याचें स्थानहि पाहण्याजोगें आहे. ‘त्यानें पोथी वाचावी’, ‘त्यानें पुस्तक वाचावें’ या वाक्यांत क्रियापद पोथीप्रमाणें व पुस्तकाप्रमाणें बदलतें. वाचणारा तृतीया विभक्तींत, केवळ साधन म्हणून उभा राहतो. ‘मी’चीहि तीच गत. जुन्या मराठींत ‘म्यां जावें’ असें स्पष्ट तृतीयेचें रूप होतें. आज ‘मी जावें’ म्हणतात, तरी विभक्ति तीच. आणि निखळ स्वतःची इच्छा बोलावयाची झाली, तर मराठी माणूस ‘मला जावेंसें वाटतें’ असें म्हणतो. इच्छा मी करीत नाहीं. ती मला वाटते, बाहेरून माझ्याकडे येते. ‘मला पाणी पाहिजे’ यांतील ‘पाहिजे’ हें ‘पाहणें’ या धातूचें जुनें कर्मणि रूप; ‘पाणी पाहिलें जातें’, म्हणजे त्याची वाट पाहिली जाते, असा त्याचा मूळ भाव. येथेंहि ‘मी’ कर्ता नाहीं.

ही कांहीं मराठीची एकटीची खोड नव्हे. निजामाच्या राज्यांत मराठी, तेलुगु, कन्नड आणि उर्दू या चार भाषा शेजारीं शेजारीं नांदत होत्या. उर्दू बोलणारा ‘मुझे चाहिए’ म्हणतो, तेलुगु बोलणारा ‘नाकु कावालि’, कन्नड बोलणारा ‘ननगे बेकु’. तिघांचाहि अर्थ ‘मला हवें’, आणि तिघांतहि इच्छा करणारा चतुर्थींत. दोन भाषा आर्य कुळांतल्या, दोन द्राविड कुळांतल्या. कुळें वेगळीं, परंतु वळण एक. तेव्हां एवढ्यावरून मराठी माणूस इतरांहून निःस्वार्थी ठरतो, असा निष्कर्ष काढणें हास्यास्पद होईल. चतुर्थींत उभा राहूनहि माणूस हवें तितकें मागूं शकतो. शिवाय ‘मी इच्छितों’, ‘मी मागतों’ हीं वाक्यें आहेतच. परंतु तेथें इच्छा ही धातूचा विषय आहे, क्रियापदाची भूमिका नव्हे.

इच्छेच्या रूपांत ‘मी’ पूर्णपणें कर्ता होतो तो संकेतार्थांत: ‘मी वेळेवर पोंचतों तर!’, ‘मी तेथें असतों तर!’ म्हणजे जी गोष्ट आतां होणें शक्य नाहीं, तिच्याविषयीं बोलतांना मात्र ‘मी’ला कर्त्याचें आसन मिळतें. होऊं शकणाऱ्या इच्छेंत तो याचक किंवा साधन. पश्चात्तापांत तो मालक. व्याकरणकारांनीं हें ठरवून केलें नाहीं, पण घरांत मृत्यु झाला असतां बोललीं जाणारीं वाक्यें ज्यांनीं ऐकलीं आहेत, त्यांना याची प्रचीति आलेली असेल. तेथें ‘मी’ वारंवार ऐकूं येतो.

कयाधूच्या कांठींच नर्सी हें गांव आहे. परंपरा सांगते कीं, संत नामदेवांचा जन्म १२७० सालीं येथें झाला. म्हणून त्या गांवाला आज नर्सी नामदेव म्हणतात. तेथून जवळच औंढा नागनाथ. नामदेवांना गुरूपदेश करणारे विसोबा खेचर यांचें नांव त्या क्षेत्राशीं निगडित आहे. नामदेवांची वाणी मराठीपुरती राहिली नाहीं. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत. त्यांच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या एका अभंगांत हरिभक्तांसाठीं दीर्घायुष्य मागितलें आहे, आणि अहंकाराचा संसर्गहि त्यांना होऊं नये अशी इच्छा केली आहे. त्यांत विध्यर्थ आणि ओकारान्त आज्ञार्थ हीं दोन्हीं रूपें एकत्र आढळतात. दीर्घायुष्य मागितलें तें विध्यर्थानें, जणूं तें भक्तांचें देणेंच आहे. अहंकार नको म्हटलें तें ‘ओ’नें. आणि मागणारा स्वतः कोठें आहे? शेवटीं, अभंगाच्या रीतीप्रमाणें, नांवानें, तृतीय पुरुषांत.

नामदेवांचे समकालीन ज्ञानेश्वर. १२९० सालीं, म्हणजे शके १२१२ मध्यें, पुऱ्या झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या प्रार्थनेकडे केवळ व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें, तरी मन थक्क होतें. आरंभीं देवाकडे मागणें आहे. तेथें देव तृतीया विभक्तींत आणि क्रियापद विध्यर्थांत, म्हणजे अदबीचें. त्यानंतर दुष्टांसाठीं, सज्जनांसाठीं, सर्व प्राण्यांसाठीं एकामागून एक ओकारान्त रूपें येतात. मधून मधून ‘तु’ न झिजलेलीं जुनीं रूपेंहि दिसतात. या सबंध प्रार्थनेंत प्रथम पुरुषाचें सर्वनाम एकदांच आलें आहे, आणि तेंहि चतुर्थींत. शेवटीं कवीचा उल्लेख होतो तो नांवानें, तृतीय पुरुषांत, आणि तेथें क्रियापद भूतकाळाचें आहे: इच्छा संपली, समाधान झालें. मराठीच्या इच्छारूपांत ‘मी’ला कर्त्याची जागा नाहीं, ही भाषेची एक साधी अडचण. त्या अडचणीचें या कवींनीं प्रार्थनेंत सोनें केलें. वळण भाषेचें होतें. त्या वळणावरून विश्वापर्यंत जाणें हें त्यांचें.

आज शहरांतील घरांतून हीं रूपें मागें पडत आहेत. वाढदिवसाला ‘औक्षवंत हो’ म्हणण्याऐवजीं ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असें म्हणतात. ‘शुभेच्छा’ हा शब्द वाईट नाहीं. परंतु त्या वाक्यांत क्रियापद नाहीं. क्रियापद नाहीं म्हणून भूमिका नाहीं. कोणी, कोणासाठीं, काय व्हावें म्हणून इच्छिलें, हें सांगण्याची जबाबदारी नाहीं. ‘इच्छा’ हें नाम पाकिटांत घालून पाठवितां येतें. ‘होवो’ म्हणण्यासाठीं मात्र काय होवो, हें क्षणभर मनांत आणावें लागतें. आजाऱ्याच्या उशाशीं बसून ‘शुभेच्छा’ म्हणवत नाहीं. तेथें आजहि ‘लवकर बरें वाटो’ असेंच तोंडून निघतें. ग्रीकांचीं इच्छारूपें कोणी हुकूम काढून बंद केलीं नाहींत. पिढ्यामागून पिढ्यांनीं तीं बोलण्याचें सोडलें, आणि एके दिवशीं तीं पुस्तकांतच राहिलीं. मराठीचीं रूपें पुस्तकांत सुरक्षित आहेत. त्यांची खरी जागा मात्र दारांत, देव्हाऱ्यापुढें, प्रवासाला निघणाऱ्या मुलाच्या पाठीवरून फिरणाऱ्या हातांत आहे. मुलें तीं व्याकरणाच्या तासाला शिकत नाहींत. त्यांच्यासाठीं कोणी तरी तीं उच्चारलीं, म्हणजे शिकतात.

कयाधूच्या कांठचा शेतकरी अजून वर पाहत उभा आहे. त्याला या चार अर्थांचीं नांवें ठाऊक नसतील, परंतु त्यांतील भेद तो पक्का जाणतो. ‘पडता तर’ म्हणण्याची पाळी येऊं नये, म्हणूनच तो आज ‘पडूं दे’ म्हणत आहे. शेजारच्या रानावर, पलीकडच्या शिवारावर आणि त्याच्याहि शेतावर पाऊस पडो.